सातवा दिवस कधी सरतो

आमच्या घरात दिवस दोनदा बदलायचा. एकदा घड्याळाप्रमाणे बाराला, सगळे झोपेत असताना, आणि एकदा आबांप्रमाणे, संध्याकाळी, सूर्य शेजाऱ्यांच्या गॅरेजमागे गेला की. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. नगरकडच्या एका लहानशा सेमिनरीत त्यांनी उभं आयुष्य मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास शिकवला होता, पाळक म्हणून खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या सांभाळल्या होत्या, आणि आजी गेल्यावर पप्पांनी त्यांना सिडनीला, वेस्टमीडला आणलं. "तीन महिने राहतो आणि जातो," म्हणत आले होते. मग साथ आली आणि जगाचेच दरवाजे बंद झाले. ते उघडेपर्यंत आबांना आमची सवय झाली होती आणि आम्हाला त्यांची. शनिवारी संध्याकाळी ते मागच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत बसत, तोंडावरचं ऊन गेलं की गुडघ्यावर थाप मारत आणि घरात ऐकू जाईल असं म्हणत, "चला, रविवार लागला." स्वयंपाकघरातून मम्मी म्हणायची, "लागला ना? मग उद्याची माझी ड्युटी झाली म्हणून कळवू का?" आबा हसायचे. मम्मी हसायची नाही, पण तिच्या आवाजात हसू असायचं. त्या दोघांचं तसंच होतं, आणि ते तसं होतं याची किंमत मला फार उशिरा कळली.

मम्मी नर्स होती, जवळच्याच मोठ्या हॉस्पिटलात. आमच्या डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं की कपाटातल्या बश्या खुळखुळत आणि आबा बोलता बोलता थांबून डोळे मिटत. कुणाला तरी आणलंय, त्याच्यासाठी दोन शब्द. मग जिथं वाक्य सोडलं होतं तिथून पुन्हा सुरू. मम्मी कामावरून आली की मागच्या दारानं थेट लाँड्रीत, तिथंच युनिफॉर्म मशीनमध्ये, मग अंघोळ, मग आमच्याकडे बघणं. दोन वर्षं हा नेम तिनं मोडला नाही. दमून आलेली असली, रडून आलेली असली तरी नाही. पप्पा घरातूनच काम करत. ते रेल्वेच्या ऑफिसचं कॉम्प्युटरचं काहीतरी बघायचे आणि घरातल्या कुठल्याही प्रश्नावर "बघू" म्हणायचे. वाईट माणूस नव्हे हं माझा बाप, पण "बघू" म्हणून त्यानं जेवढं नुकसान केलं तेवढं भांडून कुणी केलं नसेल.

आणि मी. सोळा वर्षांची, अकरावीतली, शाळेत कुणाच्या खिजगणतीतही नसलेली. इंग्रजी माझं बरं होतं, गणित बरं होतं, चेहरा बरा होता. सगळंच आपलं बरं. एकच गोष्ट मला अशी येत होती की जी आमच्या मराठी मंडळीतल्या माझ्या वयाच्या एकाही पोराला येत नव्हती. मला मराठी वाचता यायचं. आबांना काचबिंदू होता, अक्षर दिसायचं नाही, आणि शाळा कॉम्प्युटरवर भरत होती त्या लांबलचक महिन्यांत त्यांनी मला स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसवून जुन्या पवित्र शास्त्रावर वाचायला शिकवलं. सगळं तोंडपाठ असल्यानं मी एक काना खाल्ला तरी ते टेबलावर बोट आपटत. "पोरी, ते अक्षर काय फुकट छापलंय का? वाच." वर्षभरात मी त्यांचे डोळे झाले. लोक म्हणायचे, "रूथ काय वाचते हो, इथं वाढलीय असं वाटतच नाही." हे ऐकायला मी किती हपापलेली असायची, ते आज लिहितानाही लाज वाटते.

आबांचा आवडता विषय म्हणजे पहिली ख्रिस्ती माणसं दिवस कसे मोजत. त्यावर ते जेवताना बोलत, भांडी पुसताना बोलत, पप्पांच्या मीटिंग चालू असताना बोलत. ती माणसं आधी यहुदीच की, ते सांगत. शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस, शनिवारचा, शुक्रवारी सूर्य बुडाला की सुरू आणि शनिवारी बुडाला की समाप्त. तो पाळायचा आणि मग आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमायचं. पुढं शब्बाथ मागं पडला, रविवार राहिला. त्या रविवारालाच काही जण आठवा दिवस म्हणत, कारण सातांत जग झालं आणि आठव्यात नवं झालं. मी विचारलं होतं, "आबा, प्रभूला शुक्रवारी पुरलं आणि तो रविवारी पहाटे उठला, तर तीन दिवस होतातच कुठं? दीडच होतो." त्यावर त्यांना असा आनंद झाला की त्यांनी पप्पांना मीटिंगमधून हाक मारली. "बघ, तुझ्या पोरीनं काय विचारलं!" मग मला सांगितलं की त्या लोकांत दिवसाचा तुकडा म्हणजे दिवसच. शुक्रवारची दोन घटका उरलेली उन्हं, तो एक. शनिवार पुरा, तो दुसरा. रविवारची पहाट, तो तिसरा. तीन रात्री भरत नाहीत म्हणून कुणीतरी प्रभू क्रूसावर असताना दुपारी बारा ते तीन पडलेला अंधार हीसुद्धा एक रात्रच धरली होती. "आता याला काय म्हणायचं!" म्हणून आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

ईस्टर कधी पाळायचा यावरून तर त्या मंडळींनी एकमेकांची तोंडं बघायची सोडली होती. पूर्वेकडचे म्हणत, यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या महिन्याची चौदावी तिथी, मग वार कुठलाही येवो. रोमकडचे म्हणत, छे, रविवारच. उपास कधी सोडायचा यावरही वाद होता. कुणी संध्याकाळीच सोडी, कुणी कोंबडा आरवेपर्यंत थांबे. यातली आबांची लाडकी गोष्ट दोन म्हाताऱ्या बिशपांची होती. एक पूर्वेकडचा, लांबचा प्रवास करून रोमला गेला, खूप वाद झाला, दोघांपैकी एकालाही दुसऱ्याचं पटलं नाही. तरी रोमच्या बिशपानं आपल्या जागी त्या पाहुण्याला प्रभुभोजन द्यायला उभं केलं. "तारीख जमली नाही, पण भाकर एक," आबा म्हणायचे. ऑस्ट्रेलियात कोंबडा ऐकू येत नाही याचं त्यांना वाईट वाटे. मग त्यांनीच ठरवून टाकलं की इथं हसल्यासारखा ओरडणारा कुकाबुरा पक्षी चालेल. "हसतो मेला, पण वेळेवर हसतो."

दोन ईस्टर आमचे घरात, स्क्रीनसमोर गेले होते. तिसऱ्या वर्षी नदीकाठच्या पार्कात पहाटेची उपासना करायचं ठरलं. आबांनी उपदेश करायचा, मी रिकाम्या कबरेचा उतारा वाचायचा, आणि गायन शांतामावशींचं. शांतामावशी मूळच्या नगरकडच्याच, आबांच्याच वयाच्या, दोन स्टेशनं पलीकडे मुलाकडे राहायच्या. डायबेटीस, गुडघे, एका कानानं कमी ऐकू येणं, सगळं होतं, पण गायला लागल्या की तरण्या पोरी गप्प. त्यांच्याबरोबर फोनवर रोज संध्याकाळी माझी तालीम. मी वाचायचं, त्यांनी ऐकायचं. "मला शेवटच्या खुर्चीत ऐकू आलं पाहिजे गं, बहिरीला ऐकू आलं तर सगळ्यांना येईल." तो उतारा मी इतक्यांदा वाचला होता की झोपेतही म्हटला असता.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी सकाळी माझा घसा दुखायला लागला. मम्मीनं तिथल्या तिथं टेस्ट केली. पुढं हे कुणाला ठाऊक असेल नसेल म्हणून सांगते. नाकात काडी फिरवायची, पाण्यात घोळवायची, तीन थेंब एका पांढऱ्या पट्टीवर टाकायचे आणि पंधरा मिनिटं बघत बसायचं. एक रेघ आली तर सुटलात, दोन आल्या तर अडकलात. मला दोन आल्या, त्याही ठसठशीत. साडेदहा वाजले होते. त्या वेळचा नियम असा की ज्याला झालाय तो सात दिवस बंद, आणि त्याच्या घरातलेही सात दिवस बंद. हॉस्पिटलात माणसं कमी होती म्हणून मम्मीला रोज टेस्ट करून कामावर जायची परवानगी मिळाली. तिनं फ्रिजवर कागद लावला. रविवार, साडेदहा. खाली पुढचा रविवार, साडेदहा. "तोवर ही खोलीतून बाहेर येणार नाही, आणि आपण कुणी गेटच्या बाहेर जाणार नाही. आबा, तुम्हीसुद्धा."

पहाटेची उपासना सहाला होती. साडेचार तास आडवे आले होते.

तो आठवडा मी दाराआड काढला. मम्मी दाराबाहेर ताट ठेवायची, दोनदा टकटक करायची आणि निघून जायची. पहिले तीन दिवस ताप होता, मग नुसता खोकला. दुपारी आबा पॅसेजमध्ये खुर्ची टाकून, मास्क लावून, माझ्या बंद दाराकडे तोंड करून बसत आणि मी आतून वाचत असे. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन आम्ही क्रूसावरचे सात उद्गार तसेच केले, मी आत, ते बाहेर. तीनला मम्मीनं मुगाची खिचडी आणि कढी दिली. कढीत तिनं कढीपत्ता शेजारच्या गुजराती काकूंकडून मागून घातला होता, आणि पाच दिवसांनी पहिल्यांदा वास आला आणि मला रडू आलं. म्हणजे नाक उघडलं होतं. मला वाटलं, झालं, बरी झाले.

शनिवारी सकाळी ठिणगी पडली. आबा चहाच्या कपाशी बसून म्हणाले, "सूनबाई, मी हिशेब करून बघितला. गेल्या रविवारपासून आज सातवा दिवस. सूर्य बुडाला की सात पूर्ण. उद्या पहाटे तर आठवा लागलेला असेल."

माझं दार मी बोटभर उघडून ऐकत होते.

"आबा," मम्मी म्हणाली, "गेल्या रविवारचे साडेदहा ते उद्याचे साडेदहा. याला सात दिवस म्हणतात."

"दिवसाचा तुकडा हा दिवसच."

"तुमच्या पुस्तकात. माझ्या वॉर्डात नाही. व्हायरसला हिब्रू कॅलेंडर कळत नाही हो."

"साडेचार तासांत असं काय होणार आहे, पोरी? तीस माणसं दोन वर्षं वाट बघतायत."

"त्या तिसातली निम्मी सत्तरीपुढची आहेत, आबा. मी दोन वर्षं अशाच माणसांचे हात धरतेय. मला नका शिकवू मोजायला." तिचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "सॉरी. पण नाही म्हणजे नाही." पप्पांनी लॅपटॉप मिटला, दोघांकडे बघितलं आणि म्हणाले, "बघू."

मम्मी दीडच्या सुमाराला गेली. आरवोची, म्हणजे दुपारची शिफ्ट आणि तिला जोडूनच रात्रीची, कारण ईस्टरला कुणी मिळत नाही. जाताना माझ्या दारावर हात ठेवून म्हणाली, "उद्या साडेदहाला मी स्वतः हे दार उघडते. गोडाचा शिरा करू." मी म्हटलं, "ओके मम्मी."

साडेपाचला अंधारून आलं. इथं ईस्टर शरद ऋतूत येतो, दिवस लवकर आटपतो. अंगणातून गुडघ्यावर मारलेली ती थाप ऐकू आली, मग पॅसेजमधून काठीचा आवाज. आबा दाराशी आले. "रूथ, रविवार लागला." मागं पप्पा उभे होते. आबा त्यांना म्हणाले, "मी जबाबदार. मोजणी माझी." पप्पांनी थोडा वेळ डोकं खाजवलं. मम्मीला फोन लावला, तो लागला नाही, वॉर्डात फोन बाहेरच ठेवायचे. मग त्यांना एक मध्यम मार्ग सुचला. आयुष्यभर त्यांना मध्यम मार्गच सुचले. "असं करू, तिघं टेस्ट करू. तिघांची एकच रेघ आली तर जाऊ. एकाची जरी दुसरी आली तरी कुणीच जायचं नाही. कबूल?" आबा म्हणाले, "कबूल." मी आतून म्हटलं, "कबूल."

आबांची पप्पांनी केली. एक रेघ. पप्पांची स्वतःची, एक रेघ. मी माझी माझ्या बाथरूममध्ये केली. पट्टी बेसिनच्या कडेवर ठेवली आणि कमोडचं झाकण लावून त्यावर बसले. पहिली रेघ आली, लाल, नेहमीची. दुसऱ्या जागी काही नव्हतं. मग काहीतरी होतं. मी दिव्याखाली धरून बघितलं, तिरकी धरून बघितलं, मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं. पुसट, अगदी पुसट, पण होती. मी दहा वेळा डोळे मिटून उघडले आणि दहाही वेळा होती.

पप्पांनी बाहेरून विचारलं, "काय गं?"

"एकच," मी म्हणाले.

असं पटकन निघून गेलं तोंडातून असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे. त्या हाकेच्या आधी चांगली पाच मिनिटं मी तिथं बसून होते. सात दिवस सरले असं आबा म्हणतायत, आबांना सगळं कळतं, मग ही रेघ म्हणजे जुन्याचाच अवशेष असणार, असा मी सगळा युक्तिवाद बांधला. त्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती. मला वाचायचं होतं. तीस माणसांनी माझ्याकडे बघायला हवं होतं. पट्टी मी सॅनिटरी पॅडच्या वेष्टनात गुंडाळून डब्यात टाकली. आमच्या घरात ते कुणीही उलगडून बघणार नव्हतं, एवढी अक्कल बरोबर सुचली.

पहाटे पार्कात धुकं होतं. घडीच्या खुर्च्या, बॅटरीच्या मेणबत्त्या, गवत इतकं ओलं की बुटांत पाणी. मास्क सगळ्यांचे होते, पण गायला लागले तसे एकेकाचे हनुवटीवर आले. नदीपलीकडे कुकाबुरा हसला आणि आबा मोठ्यानं म्हणाले, "प्रभू उठला आहे!" सगळ्यांनी म्हटलं, "खरोखर उठला आहे!" आणि दोन वर्षांचं काहीतरी सगळ्यांच्या घशातून एकदम बाहेर आलं. बायका रडत होत्या. मग मी मास्क काढून वाचलं. आयुष्यात तसं मी पुन्हा कधीच वाचलं नाही. एक खोकला आला होता, तो मी गिळला. संपल्यावर शांतामावशी खुर्चीतून उठून, काठी टाकून, माझ्याकडे आल्या. "शेवटपर्यंत ऐकू आलं गं बाई, अक्षर न् अक्षर!" आणि त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरून गालांचे मुके घेतले, कानशिलांवर बोटं मोडली. मागं सरकायला हवं होतं हे मला त्या क्षणी लख्ख माहीत होतं. मी सरकले नाही. उलट मीच त्यांना घट्ट मिठी मारली.

आम्ही आठला घरी पोचलो तर मम्मी आलेली होती. युनिफॉर्म तसाच अंगावर, लाँड्रीत न जाता सरळ स्वयंपाकघरात उभी. दोन वर्षांत पहिल्यांदा. शिऱ्यासाठी काढलेला रवा ओट्यावर होता. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मग पप्पांकडे.

"टेस्ट केली होती तिघांनी," पप्पा म्हणाले. "निगेटिव्ह होत्या."

"तुझीपण?" तिनं मला विचारलं.

"हो."

"मला दाखव."

"टाकली."

ती माझ्याकडे किती वेळ बघत राहिली कोण जाणे. तिला कळलं होतं का? आज मी तिच्या त्या वेळच्या वयाच्या कितीतरी पुढं आहे आणि मला वाटतं, कळलं होतं. पण ती डब्यापर्यंत गेली नाही. तिनं आबांकडे वळून फक्त विचारलं, "झाला तुमचा आठवा दिवस?" आणि लाँड्रीत गेली. मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. शिरा कुणी केला नाही.

बुधवारी आबांना ताप आला आणि त्याच दिवशी शांतामावशींच्या मुलाचा फोन आला की आईला दम लागतोय. उपासनेतले आणखी चौघं पाचजण आजारी पडले, ते बरे झाले. आबा आठ दिवस अंथरुणात होते, तेही उठले. शांतामावशींना मम्मीच्याच हॉस्पिटलात आणलं. मम्मी रोज घरी येऊन एकच वाक्य सांगायची. आज तशाच आहेत. आज थोड्या खाली आहेत. एके दिवशी ती लाँड्रीतून, अंघोळ करून, ओल्या केसांनी आली आणि आबांच्या पलंगावर बसली. आबांनी चाचपडत तिचा हात शोधला. ती म्हणाली, "गात होत्या, आबा. आवाज नव्हता, ओठ हलत होते." मी दाराशी उभी होते.

कुणाकडून कुणाला गेलं ते त्या वेळी कोण सांगणार होतं? गावभर साथ होती. मावशींचा मुलगा ट्रेननं कामाला जायचा, नातू शाळेत जायचा. मम्मीनंही आबांना तेच सांगितलं, रागावलेली असूनही सांगितलं. "तुमच्यामुळेच असं नका धरू. टेस्ट चुकतात, म्हणून तर वेळ पाळायची असते." पण आबांनी धरलंच. अंत्यविधी त्यांनी घेतला नाही, मागं बसून राहिले. आणि घरी आल्यावर मला म्हणाले, "रूथ, कागद घे. मंडळीला पत्र लिहायचंय. मी सांगतो, तू लिही."

ते पत्र माझ्या अक्षरात आहे. ते सांगत होते आणि मी लिहीत होते. "मी आयुष्यभर लोकांना दिवस मोजायला शिकवलं. शब्बाथ माणसासाठी केला, माणूस शब्बाथासाठी नव्हे, हे मी शेकडो वेळा सांगितलं आणि वेळ आली तेव्हा माझी तारीख मला माणसांहून मोठी वाटली. सुनेनं मला बरोबर सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, कारण मला माझ्या विद्येचा गर्व होता." ते थांबले. मी म्हणाले, "आबा..." ते म्हणाले, "थांब, दमलो नाही मी." हीच ती वेळ होती. दार बंद होतं, घरात कुणी नव्हतं, त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता. एवढं सोपं देवानं कुणाला करून दिलं असेल? मी मूग गिळून बसले. ते पुढं म्हणाले, "लिही. माझ्या नातीचा यात काहीही दोष नाही. ती लेकरू माझ्या शब्दावर विसंबून बाहेर आली." मी लिहिलं. नीट, वळणदार लिहिलं.

पुढच्या रविवारी मंडळी भाड्याच्या हॉलमध्ये जमली. आबा उभे राहिले आणि म्हणाले, "माझी नात वाचेल." मी पुढं गेले, कागद उघडला. पहिल्या रांगेत शांतामावशींचा मुलगा बसला होता, त्याच्या शेजारी मम्मी. मला वाटलं होतं आवाज फुटणार नाही. फुटला. स्वच्छ फुटला. गर्वाची ओळ वाचली, सुनेची ओळ वाचली, आणि मग माझ्याच तोंडानं, माझ्याच अक्षरातलं, तीस माणसांसमोर वाचलं की माझ्या नातीचा यात काहीही दोष नाही. मम्मीनं मान खाली घातली होती. ती शेवटपर्यंत वर केली नाही.

आबांनी त्यानंतर कधी उपदेश केला नाही. आणखी चार वर्षं जगले. शनिवारी अंगणात बसत, पण दिवस बदलल्याचं सांगत नसत, आणि मम्मी आतून कधीमधी विचारायची, "काय आबा, लागला का रविवार?" तर म्हणायचे, "घड्याळात बघ गं बाई." चार वर्षांत मी त्यांना सांगू शकले असते अशा किती संध्याकाळी झाल्या, ते मोजायची माझी हिंमत नाही. आता ते नाहीत, पप्पा नाहीत, मम्मी गेल्या वर्षी गेली. तिघंही गेल्यावर मी हे लिहितेय, म्हणजे अजून भित्रीच आहे.

वाचून झाल्यावर त्या हॉलमध्ये लोक माझ्याभोवती आले. शांतामावशींच्या मुलानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. रडवेला होऊन म्हणाला, "किती छान वाचलंस बेटा. आईला आवडलं असतं." मी "थँक यू, काका" म्हणाले. मग आबांचा हात धरून त्यांना पायऱ्या उतरवायला लागले. दुसऱ्या पायरीवर ते थांबले.

"रूथ, काही गाळलं नाहीस ना?"

"नाही, आबा."

"एकही शब्द?"

"एकही नाही."

"शाबास," आबा म्हणाले, आणि त्यांनी माझा हात आणखी घट्ट धरला.